सहल नव्हे, निसर्गशाळा

दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन साजरा होतो. शाळांतून प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, एखादे रोप लावले जाते आणि विषय संपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पाठ्यपुस्तकांत आला. परंतु झाड, माती आणि पाणी यांचे नाते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, हा धम्माचा गुण आपण वंदनेत रोज म्हणतो. निसर्गशिक्षणाचे तत्त्वही तेच आहे.

मुंबईकर मुलांसाठी याचे उत्तम स्थळ म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी. येथे शंभरावर लेणी असून अनेक लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावरचे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींतून टाक्यांत उतरे. चार महिन्यांच्या पावसावर भिक्खुसंघ वर्षभर राहत असे. हे भिक्खू पाणी गाळून पीत आणि कोवळी रोपे, जीवजंतू तुडविले जाऊ नयेत म्हणून वर्षावासात एके ठिकाणी राहत.

याच जंगलात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आहेत. त्यांचे पाणी आजही मुंबईला मिळते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. जंगल तुटले की पावसाबरोबर माती वाहून येते आणि तलाव गाळाने भरतो. मग पाणीकपात होते आणि पहिली झळ वस्तीतल्या सार्वजनिक नळाला लागते.

असा दिवस आखताना दहा-दहा मुलांचे गट करावेत व प्रत्येक गटाबरोबर एक मोठा माणूस असावा. मुलांनी पन्हाळीचा माग काढावा, उघड्या कातळावरचे आणि झाडाखालचे तापमान मोजावे, बाटलीभर पाणी ओतून ते कोठे मुरते व कोठे वाहून जाते ते पाहावे आणि वहीत नोंदवावे. माकडांना खाणे घालू नये, लेण्यांवर नावे कोरू नयेत, कचरा परत आणावा. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली ज्या समाजाला महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्याच्या मुलांना आपल्या नळाचे पाणी कोठून येते हे ठाऊक असलेच पाहिजे. हक्क मिळविला, आता झरा राखावयाचा आहे. संस्थेने वस्तीतील विद्यार्थ्यांसाठी दर हिवाळ्यात असा एक दिवस ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.