आखाजीचे फोटो भर दुपारी काढू नका

आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि घरोघरी पोरांचे फोटो निघतात. पण बऱ्याचदा जेवणं आटोपल्यावर, भर उन्हात. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, पोरं डोळे मिटतात.

सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी साडेपाचनंतर ऊन तिरपे व मऊ असते. दुपारीच काढायचा तर पोराला ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून बसवा. पुढ्यात पांढरे धोतर अंथरले तर चेहरा उजळतो. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांनी केळीच्या बागेत आत शिरू नये. पानांतून आलेल्या उजेडाने चेहरे हिरवट दिसतात. बागेच्या कडेला काढा. आपण गुडघ्यावर बसून मोबाईल पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. विहिरीचा काठ आणि फवारलेले शेत टाळा.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) क्वचितच घराबाहेर पडले, तरी छायाचित्रकार म्हणून नावाजले. त्यासाठी लांब जावे लागत नाही, उजेड ओळखावा लागतो.

मोबाईल बिघडला की फोटोही जातात. दोन-चार तरी कागदावर काढून घ्या आणि लेक सासरी निघाली की एक प्रत तिच्या पिशवीत ठेवा.