धरणातला कटला येतो कुठून?

भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या काठावर आम्ही उतरलो, तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. नोव्हेंबरचे दिवस. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता. भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्यामागे साठलेले पाणी पार पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत पसरले आहे. हिवाळ्यात येथे येणारे रोहित पक्षी पाहायला पुष्कळ लोक येतात. नववीच्या वर्गातील दोन विद्यार्थी आणि मी मात्र मासे पाहायला आलो होतो.

होडीवाले मामा आमची वाटच पाहत होते. त्यांनी आदल्या संध्याकाळी पाण्यात जाळी लावून ठेवली होती. ती आता उचलायची होती. पाण्यावर तरंगणारे थर्मोकोलचे तुकडे दिसू लागले, तशी मामांनी वल्ही आवरली आणि जाळे हळूहळू होडीत ओढायला सुरुवात केली.

हे जाळे म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची पाण्यात उभी टांगलेली एक भिंतच. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे आणि खालच्या दोरीला वजने. अंधारात माशाला धागा दिसत नाही. तो डोके आत घालतो, अंग मात्र पुढे जात नाही. मागे सरकावे, तर कल्ल्यांच्या झाकणांत धागा अडकतो. लहान मासा आरपार निघून जातो आणि फार मोठ्या माशाचे डोकेच आत शिरत नाही. म्हणजे कोणत्या आकाराचा मासा मिळणार, हे जाळ्याच्या भोकाचा आकार ठरवतो. या आकाराला जाळ्याची ‘आस’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पहिल्या जाळ्यात निघाल्या नुसत्या चिलापी. दुसऱ्या जाळ्यातही त्याच. तिसरे जाळे उचलताना मात्र मामांचे हात सावध झाले. पाणी उसळले आणि भल्या मोठ्या डोक्याचा, चंदेरी अंगाचा मासा होडीत आला. “कटला!” मुले एकदम ओरडली. काट्यावर तो साडेतीन किलो भरला. त्यामागून एक रोहू आणि दोन मृगळ मिळाले.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे कार्प कुळातील भाऊबंद. त्यांची तोंडे पाहिली, की कोण कोठे जेवतो हे कळते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले आणि ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात वावरतो. मृगळ तळाशी राहतो व तेथील कुजके सेंद्रिय द्रव्य खातो. एकाच घरात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे राहावीत, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच हे तिन्ही मासे एकत्र वाढवता येतात. आणखी एक गंमत म्हणजे यांच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात ते घशात!

“मामा, हे मासे अंडी कुठं घालतात?” आमच्यातल्या मुलीने विचारले.

मामा हसले. “इथं न्हाई घालत, बाळ. हे सोडल्याले मासे हायेत. सोडले तर हायेत, न्हाई सोडले तर न्हाईत.”

मामांच्या या एका वाक्यात धरणातील मासेमारीचे सारे मर्म आले. ते समजून घेऊ.

हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी चढते, प्रवाह वाढतो, पाणी काठावरच्या उथळ जमिनीवर पसरते. माशाच्या शरीराला ही खूण पटते. मेंदूच्या खाली असलेली पीयूष ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडते. त्यांच्या प्रभावाने मादीच्या पोटातील अंडी पूर्ण पिकतात आणि पाण्यात सोडली जातात. नर तेथेच त्यांचे फलन करतो. संथ, साठलेल्या पाण्यात मात्र ही खूण मिळत नाही. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण शेवटची पायरी गाठली जात नाही. कालांतराने ती अंडी शरीरातच जिरून जातात. काही जलाशयांत, पूर आलेली नदी जेथे येऊन मिळते तेथे, हे मासे अंडी घालतात. पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मग सोडायला पिल्ले आणायची कोठून? पूर्वी बंगाल-बिहारकडे पुराच्या दिवसांत नदीला बारीक जाळी लावून पिल्ले गोळा करीत आणि मातीच्या हंड्यांतून रेल्वेने दूरदूर पाठवीत. त्यात नको त्या जातींची पिल्लेही असत आणि वाटेत कित्येक मरत. हा प्रश्न सुटला १९५७ साली. ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून साठलेल्या पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश मिळवले. तो दिवस होता १० जुलै. आज तो आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो.

युक्ती किती साधी, पाहा! पूर जे काम करतो, तेच काम सुईने केले. संध्याकाळी नर-मादीला अर्क टोचावा, तर सकाळपर्यंत लाखो अंडी मिळतात. आता पुष्कळ ठिकाणी ग्रंथीच्या अर्काऐवजी कारखान्यात बनवलेली संप्रेरके वापरतात. गोल हौदात पाणी फिरते ठेवून नदीच्या प्रवाहाचा आभासही निर्माण करतात. पंधरा-वीस तासांत अंडी फुटतात. तीन दिवसांच्या इवल्याशा पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. ती वाढून मत्स्यबीज होतात आणि दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी झाली, की त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. ही बोटुकलीच जलाशयात सोडायची. याहून लहान पिल्ले सोडली, तर मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे ती सहज फस्त करतात.

आणि चिलापी? तिची गोष्ट अगदी उलट आहे. चिलापी म्हणजे मूळची आफ्रिकेतील तिलापिया. ती भारतात १९५२ साली आणली गेली. तिला पूर नको, प्रवाह नको. संथ पाण्यात नराने तळाशी केलेल्या खळग्यात मादी अंडी घालते, मग ती स्वतःच्या तोंडात घेऊन उबवते. पिल्लेही धोका दिसताच आईच्या तोंडात शिरतात. असे ती वर्षातून अनेकदा करते. सकाळी जाळी चिलापींनी का भरली, याचे कोडे आता सुटले ना?

दहाच्या सुमारास आम्ही काठावर परतलो. मामांची एकूण कमाई अकरा किलो. त्यांत कार्प जेमतेम सहा किलो. शेजारीच एक ढीग पडला होता. मुले पाहू लागली. बारीक आसाच्या जाळ्याने ओढून काढलेली ती बोटाएवढी रोहू आणि कटल्याची पिल्ले होती. मामा ढिगाकडे पाहून गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याचीबी चूल आजच पेटायची असती, गुरुजी. पर हे बियाणंच खाल्ल्यागत झालं.”

हिशेब करून पाहू. समजा, २०० ग्रॅमचे पाच मासे आज पकडले. झाले एक किलो. तेच वर्षभर राहू दिले, त्यांतले दोन मेले आणि उरलेले तीन एकेक किलोचे झाले, तरी तीन किलो मिळतात. शिवाय मोठ्या माशाला भावही जास्त. चिलापीची तूट चिलापी स्वतःच भरून काढते. रोहू-कटल्याची तूट मात्र माणसालाच भरावी लागते. म्हणून येथे दोन गोष्टी सांभाळायला हव्यात : दरवर्षी पुरेशी, मोठी बोटुकली सोडणे आणि मोठ्या आसाची जाळी वापरणे. एक सुटली, तर दुसरीचा उपयोग नाही. आणि हे एकट्या मामांनी करून भागत नाही. पाणी सर्वांचे, तसा नियमही सर्वांनी पाळला तरच त्याला अर्थ.

निघताना मुलाने विचारले, “मामा, तुमचं जाळं मोठ्या आसाचं का?”

“लहान मासा जाळ्यातनं सुटला, की पुढल्या वर्षी आपल्याकडंच येतो की,” मामा म्हणाले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावच्या बाजारात मासे येत असतील, तर एकदा मुद्दाम जा. माशाचे तोंड वर वळलेले आहे, की खाली, ते पाहा आणि तो कोणत्या मजल्यावरचा रहिवासी ते ओळखा. कार्प असेल, तर विक्रेत्याला घशातले दात दाखवायला सांगा. आणि विकायला आलेला रोहू केवढा आहे, तेही वहीत टिपून ठेवा. दर महिन्याला टिपण केलेत, तर जवळच्या जलाशयात काय चालले आहे, याचा अंदाज तुम्हांला घरबसल्या येऊ लागेल.