रात्री उठून खाणं: खादाडपणा की आजार?

ताई, रात्री जाग येते, दुरडीतली भाकरी खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही आणि सकाळी चहापलीकडं काही नको वाटतं, असं तुमच्या घरात कुणाचं होतं का? लोक खादाड म्हणतात, नाहीतर बाहेरचं झालंय म्हणतात. दोन्ही खोटं.

आधी हे बघा. सगळ्यांना वाढून उरलं तेवढंच खाल्लं, तर रात्री पोट मागणारच. ती भूक आहे, आजार नाही. दिवसा पोटभर जेवा! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्री घाम, थरथर होऊन भूक लागली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. लगेच साखर खा, डॉक्टरांना सांगा.

पण पोटभर जेवूनही आठवड्यातून दोन-तीनदा उठून खाणं होत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ साली त्याचं वर्णन केलं. यात खाल्लेलं आठवतं. दुसरा आजार झोपेचा. बाई अर्धवट झोपेत चुलीपाशी जाते, कच्चं पीठसुद्धा खाते, सकाळी आठवत नाही. काही झोपेच्या गोळ्यांनीही असं होतं. विळी लपवा, गॅसचं बटण बंद ठेवा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरून विचारायचं तर टेली मानसचा १४४१६ नंबर मोफत आहे. जाताना गोळ्यांची पाकिटं न्या आणि गटाच्या हिशोबासारखी आठ दिवसांची नोंद: किती वाजता उठलं, काय खाल्लं, सकाळी आठवलं का.