समुद्राकडे तोंड असलेली गावे

कोकणच्या किनाऱ्यावर सुट्टीत येणारा प्रवासी आज बहुधा पूर्वेच्या बाजूने येतो. आगगाडी त्याला रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळ येथे उतरवते. नाहीतर मोटार सह्याद्रीचा एखादा घाट उतरून, आंबा-काजूच्या बागांतून वळणे घेत त्याला किनाऱ्यापाशी आणून सोडते. रस्ता संपत येतो तेथे गाव लागते. जांभ्या दगडाचे गडगे, उतरत्या कौलांची घरे, अंगणातले तुळशीवृंदावन, माडा-पोफळींची गर्द सावली आणि या सर्वांच्या पलीकडे उन्हात चमकणारे निळे पाणी! हे दृश्य पाहून ‘किती निवांत गाव हे!’ असे उद्गार त्याच्या तोंडून सहज बाहेर पडतात.

परंतु आपण या गावात मागच्या दाराने शिरलो आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ही गावे वसली, वाढली आणि नावारूपाला आली, तेव्हा त्यांचे तोंड समुद्राकडे होते. पाहुणा येई तो गलबतातून. माल येई तो गलबतातून. शत्रू आला तोही बहुधा गलबतातूनच. म्हणून ही गावे खऱ्या अर्थाने पाहावयाची असतील, तर धक्क्यावर जाऊन उभे राहावे आणि तेथून गावाकडे वळून पाहावे.

किनाऱ्यावरची बहुतेक जुनी बंदरे खाड्यांच्या मुखाशी का आहेत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सह्याद्री समुद्रापासून फार दूर नाही. त्याच्या पश्चिम उतारावर उगम पावणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि पाहता पाहता समुद्राला मिळतात. नदीच्या मुखातून भरतीचे पाणी आत शिरते, ते कित्येक मैल आतपर्यंत जाते. नदीच्या या खाऱ्या पाण्याच्या भागालाच खाडी म्हणतात. खाडीच्या मुखाशी बहुधा एखादी टेकडी समुद्रात पुढे सरकलेली असते. तिच्या आडोशाला लाटांचा आणि वाऱ्याचा जोर कमी होतो. तेथे गलबत नांगरता येते, टेकडीवर किल्ला बांधून त्याचे रक्षण करता येते, आणि भरतीबरोबर लहान होड्या आतल्या गावांपर्यंत नेता येतात. वाशिष्ठी नदीतून अशा होड्या चिपळूणपर्यंत जात. तेथून बैलांच्या पाठीवर लादलेला माल कुंभार्ली घाटाने देशावर चढे. समुद्राची वाट आणि घाटाची वाट जेथे एकमेकींना मिळत, तेथे बाजारपेठ उभी राही.

या साऱ्या व्यवहाराचे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते बेताचे चढते. त्याला भांग म्हणतात. मुंबईकडील किनाऱ्यावर जाणत्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ज्याला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, असा तांडेलही हा हिशेब बोटांवर करून होडी पाण्यात लोटत असे.

आता उत्तरेकडून दक्षिणेकडे निघून यांतील काही गावे पाहू.

दापोलीहून खाली उतरले, की हर्णै बंदर लागते. समोर थोड्याच अंतरावर एका बेटावर सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक महत्त्वाचे ठाणे होते. संध्याकाळी मच्छीमारांच्या होड्या परतल्या, की हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्या भराभर मांडल्या जातात, बोलीवर बोली चढते, आणि कोळिणींच्या खणखणीत आवाजांपुढे लाटांचा आवाज फिका पडतो. ज्या किनाऱ्यावर पूर्वी आरमार सज्ज होई, तेथे आज हा रोजच्या पोटापाण्याचा संग्राम चालतो. मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पावसाळी समुद्राचा धोका टळावा आणि माशांच्या वाढीस अवसर मिळावा, असा तिचा दुहेरी हेतू आहे.

हर्णैच्या दक्षिणेस, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. आजचे दाभोळ पाहून त्याच्या जुन्या वैभवाची कल्पना येणे कठीण आहे. बहामनी राजवटीत हे पश्चिम किनाऱ्यावरील एक अग्रगण्य बंदर होते. इराणच्या आखातातून आणि अरबस्तानातून येथे गलबते येत. रशियातील अफनासी निकितीन हा व्यापारी दख्खनमध्ये काही वर्षे हिंडून इ. स. १४७२च्या सुमारास परत निघाला, तो याच बंदरातून होर्मुझकडे जाणाऱ्या गलबतात बसला. वास्को द गामा भारतात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. परंतु ज्या दाराने समृद्धी आली, त्याच दाराने संकटही आले. १५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज सेनापती फ्रान्सिस्को द आल्मेडा याने दाभोळवर चाल करून शहर लुटले आणि जाळून टाकले. पुढे आदिलशाहीत गाव पुन्हा सावरले. त्या काळातील घुमटाची मशीद आजही खाडीकाठी उभी आहे. तथापि गलबतांचा आकार वाढत गेला, व्यापाराच्या वाटा बदलल्या, आणि दाभोळचे महत्त्व ओसरले. आज येथील फेरीबोट मोटारगाड्यांसह प्रवाशांना पलीकडच्या धोपाव्याला पोचविते. तेवढा अल्प प्रवास तरी प्रत्येकाने करावा. कारण खाडीच्या मध्यावरून मागे पाहिले, म्हणजे निकितीनला दिसले असेल त्या बाजूने दाभोळ दिसते.

आणखी दक्षिणेस गेल्यावर रत्नागिरी येते. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथे झाला. त्यांचे जन्मस्थान स्मारक म्हणून जतन केलेले आहे. शहराच्या एका टोकाला समुद्रात शिरलेल्या टेकडीवर रत्नदुर्ग आहे, तर भाट्याच्या खाडीवर दृष्टी टाकणाऱ्या उंचवट्यावर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी हा वाडा १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली या परक्या भूमीतच त्याचा अंत झाला. कैदेसाठी रत्नागिरीच का निवडली, याचे उत्तर बंदराच्या स्वभावात आहे. त्या काळी येथे रेल्वे नव्हती. जाण्यायेण्याचा मुख्य मार्ग समुद्राचा, आणि तोही पावसाळ्यात चार महिने बंद. समुद्र हाच ज्या गावाचा रस्ता, ते गाव समुद्र खवळला की बेटासारखे एकाकी होते. वाड्याच्या सज्जातून राजाला दिसणारे विस्तीर्ण पाणी ही त्याच्या तुरुंगाची भिंतच होती! पुढे स्वातंत्र्यवीर सावरकर यांनाही १९२४ ते १९३७ या काळात सरकारने याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते.

रत्नागिरीच्या दक्षिणेस वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे बळकट ठाणे. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्यावर मोहीम काढली. इंग्रजांच्या तोफांनी येथे नांगरलेल्या आरमारात आग लावली आणि ते जळून गेले. घरातील भांडणात परक्याची मदत घेतली, आणि समुद्राचे रक्षण करणारा हातच तुटला. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहिले असता हा धडा आठवल्यावाचून राहत नाही.

मालवणला पोचल्यावर मात्र मन उल्हसित होते. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. सुमारे तीन वर्षांत तो पुरा झाला. आसपास पाण्याखाली खडकच खडक आहेत. अपरिचित गलबत त्यांवर आपटून फुटेल. परंतु मालवणचा नावाडी त्यांमधून होडी बिनधोक काढतो. ही वाट नकाशापेक्षा नावाड्यांच्या स्मरणातच पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली आहे. चोहोंकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले शिवरायांचे मंदिरही येथे आहे. २०२५च्या जुलै महिन्यात ज्या बारा मराठा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे तिन्ही आहेत.

मालवणच्या वाळूवर पहाटे कधी कधी रापण ओढताना दिसते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात. मग त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून अनेक माणसे एका तालात ते ओढू लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला त्याचा हिस्सा मिळतो. मोठ्या यांत्रिक बोटी मासळीचे थवेच्या थवे उचलून नेऊ लागल्यापासून रापणीच्या जाळ्यात येणारी मासळी घटली, अशी रापणकरांची तक्रार आहे. येथील समुद्रात प्रवाळही आहे. त्याच्या रक्षणासाठी १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ दगडासारखे दिसले, तरी ते सजीवांनी बांधलेले घर असते. हौसेने त्यावर दिलेला एक पाय कित्येक वर्षांचे बांधकाम मोडून टाकतो.

शेवटचे गाव वेंगुर्ले. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. तिचे अवशेष अद्याप आहेत. देशावरचा माल आंबोलीच्या घाटाने उतरून या बंदरात येत असे. परंतु १८८०च्या दशकात गोव्यातील मार्मागोवा बंदराला रेल्वे जाऊन मिळाली. माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची वर्दळ कमी झाली. एक रूळमार्ग पडला तेथे एक बंदर उजळले, आणि शेजारचे मंदावले! तरी समुद्राने आणलेली एक वस्तू गावाने सोडली नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आज या भागाचा आधार आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या ज्या सुधारित जाती तयार झाल्या, त्या वेंगुर्ल्याचे नाव घेऊनच सर्वत्र लावल्या जातात.

या बंदरांचा शेवटचा बहर आगबोटींचा होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट एकामागून एक बंदर घेत दक्षिणेकडे जाई. ती खोल पाण्यात थांबे आणि पडाव उतारूंना काठावर आणीत. याच बोटींनी कोकणातील हजारो तरुणांना मुंबईच्या गिरण्यांत नेले, आणि गणपती-शिमग्याला घरी परत आणले. समुद्राने कधी कधी याची जबर किंमतही घेतली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तो बंदरांपासून दूर, आतल्या बाजूने जातो. अशा रीतीने गावांची पाठ हेच त्यांचे दार झाले, आणि जुने महाद्वार सुट्टीतील प्रवाशांच्या विरंगुळ्याची जागा ठरले.

प्रवाशांमुळे या गावांत आज पुन्हा चार पैसे येत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. घरी राहून उपजीविका होऊ लागली, तर तरुणांना दूर जावे लागणार नाही. परंतु प्रवासी मागे काय ठेवून जातो, यावरही या गावांचे भवितव्य अवलंबून आहे. वाळूवर टाकलेली प्लास्टिकची पिशवी भरतीबरोबर समुद्रात जाते आणि रापणीच्या जाळ्यात मासळीऐवजी वर येते. तटाच्या चिऱ्यावर कोरलेले नाव तीनशे वर्षांच्या दगडाला कायमची जखम करते. उन्हाची आणि लाटांची मौज अवश्य लुटावी. पण त्याबरोबर एखाद्या म्हाताऱ्या नावाड्यापाशी घटकाभर बसावे, त्याला भरतीची वेळ विचारावी, आणि त्याच्या होडीतून थोडे पाण्यात जाऊन गावाकडे वळून पाहावे. मग निवांत भासणारे ते गाव निराळे दिसू लागते. माडांच्या रांगेमागे बाजारपेठ दिसते, टेकडीवर पहारा दिसतो, धक्क्यावर परतणाऱ्यांची वाट पाहणारी माणसे दिसतात. असे गाव ज्याने एकदा समोरून पाहिले, तो पुन्हा त्याच्याकडे पाठ फिरवीत नाही.