ओटीत आलेली मुलं

मूल दत्तक घेतलं म्हटलं की आजही कुणी हळूच विचारतं, ‘पण रक्ताचं नाही ना?’ कुणी बजावतं, त्याला कळू देऊ नका, दुरावेल. कुणी धीर देतं, याच्या पायगुणाने तुम्हाला स्वतःचंही होईल. ऐकणाऱ्याला वाटावं, रक्ताचा हा आग्रह पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. जुनं दत्तकशास्त्र उघडलं की मात्र थक्क व्हायला होतं.

तिथे नातं घडवतो तो विधी. वसिष्ठांनी म्हटलं होतं की पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने पुत्र देऊ-घेऊ नये. मिथिलेच्या पंडितांनी त्यातून अर्थ काढला की विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालात नवऱ्याने हयातीत दिलेली परवानगी पुरली. आपल्याकडे नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’च्या आधाराने ठरलं की ही अट फक्त सधवेला, विधवेला नवऱ्याच्या परवानगीची गरजच नाही! याहून नवल म्हणजे मुंबई इलाख्यात लग्न झालेला, पोराबाळांचा बापही दत्तक जाऊ शकत असे.

1875 साली बडोद्याच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला, तो सयाजीराव गायकवाड झाला. 1884 मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंच्या ओटीत कागलच्या घाटग्यांचा यशवंत आला, तो राजर्षी शाहू. दोन्ही वेळी इंग्रजांची संमती लागली, हे खरं. पण पुढे आपापल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे हे दोघेही दत्तक पुत्र होते. त्यांच्या तसबिरीपुढे हात जोडणारा समाज शेजारच्या घरातल्या बाळाविषयी मात्र कुजबुजतो, हे मला कोडंच वाटतं.

अर्थात त्या शास्त्राच्या मध्यभागी मूल नव्हतंच. तिथे होता पिंड, वारसा आणि गादी, म्हणून मुलगाच हवा. ही चौकट 1956 च्या कायद्याने मोडली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, स्त्रीला स्वतःच्या नावावर मूल घेता येऊ लागलं. एकदा केलेलं दत्तकविधान रद्द करता येत नाही, हा जुना नियम मात्र कायम राहिला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येईल.

आता ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेच्या वार्षिक नोंदी पाहा. गेली अनेक वर्षं मुलांपेक्षा मुलीच जास्त दत्तक जात आहेत. टाकून दिल्या जाणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मोठं, हे त्यामागचं कटू कारण आहेच. पण नोंदणी करतानाच ‘मुलगी हवी’ असं लिहिणारे आईबापही पुष्कळ आहेत.