झटक्यांच्या मधला काळ
आतलं शरीर : लेखांक ११

एमआरआय मशिन मुख्यतः शरीरातल्या पाण्याचं चित्र काढतं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. पाण्यातले हायड्रोजनचे अणुगर्भ चुंबकाच्या प्रभावाखाली येतात, रेडिओलहरींच्या धक्क्याने विचलित होतात आणि मग मूळ स्थितीकडे परततात. परतायला लागणारा वेळ आजूबाजूच्या ऊतीवर ठरतो. हे तत्त्व आज एका आजाराला लावून पाहू. मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्याचं नाव, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एमएस’.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच आवरणावर उलटते. एखाद्या तरुणीला एका डोळ्याने अंधुक दिसू लागतं, कुणाचे पाय बधिर होतात. काही आठवड्यांत त्रास बराचसा ओसरतो, कधी वर्षभर काहीच होत नाही आणि मग दुसरा झटका येतो. पॅरिसच्या झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. मृत्यूनंतर उघडलेल्या मेंदूत त्यांना कडक झालेले चट्टे दिसले होते. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांना हे चट्टे पाहायचे तर शवविच्छेदनाचीच वाट पाहावी लागे. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला, पण त्यातही फारच थोडे चट्टे सापडत.

१९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या इयान यंग, ग्रॅम बिडर आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या दहा रुग्णांचं नव्या तंत्राने चित्रण केलं. सीटीत या दहा जणांचे मिळून १९ चट्टे दिसले होते. एमआरआयने ते तर दाखवलेच, शिवाय आणखी ११२ दाखवले.

हा फरक पाण्यामुळे पडतो. मायलिन स्निग्ध असल्याने तिथे मोकळं पाणी कमी असतं. आवरण उखडलं, सूज आली की पाणी वाढतं. ‘टी-टू’ पद्धतीच्या चित्रात अशा पाण्याचा संकेत जास्त वेळ टिकतो आणि ती जागा पांढरी दिसते. अडचण एकच होती. मेंदूच्या मधल्या पोकळ्यांतलं द्रवही तसंच पांढरं दिसे आणि एमएसला तर या पोकळ्यांच्या कडाच जास्त आवडतात! १९९० च्या दशकात आलेल्या ‘फ्लेअर’ पद्धतीत हे द्रव काळं केलं जातं आणि शेजारचे चट्टे उठून दिसतात.

फ्लेअरची बाजूने घेतलेली प्रतिमा नीट पाहिली, तर लांबट अंडाकृती चट्टे पोकळीला काटकोनात उभे दिसतात. त्यांना ‘डॉसन्स फिंगर्स’ म्हणतात. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं की हा दाह बारीक शिरांच्या कडेकडेने पसरतो. आज शक्तिशाली चुंबकाखाली अशा चट्ट्याच्या मधोमध ती शीर काळ्या रेघेसारखी दिसू शकते. ब्लडप्रेशर, मायग्रेन किंवा वाढत्या वयामुळे आलेल्या पांढऱ्या ठिपक्यांपासून एमएस वेगळा ओळखायला या रेघेची मदत होते.

चट्टा आहे एवढं कळलं, पण तो जुना की ताजा? त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम देतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती शाबूत असतील तर ते मेंदूत शिरत नाही. ताज्या दाहात भिंती गळक्या होतात, गॅडोलिनियम आत झिरपतं आणि चट्टा चमकतो. ही चमक काही आठवड्यांत जाते. १९८० च्या दशकात त्याच त्या रुग्णांचे ठरावीक अंतराने स्कॅन होऊ लागले, तेव्हा दिसलं की रुग्णाला जाणवलेल्या एका झटक्यामागे मेंदूत पाच ते दहा नवे चट्टे उमटून गेलेले असतात. दोन झटक्यांमध्ये आजार झोपतो, हा समज तिथेच कोसळला.

त्याचा परिणाम उपचारांवर झाला. पूर्वी पक्क्या निदानासाठी दुसऱ्या झटक्याची वाट पाहत. इयान मॅकडोनाल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००१ च्या निकषांनुसार नंतरच्या स्कॅनमधला नवा चट्टाही दुसऱ्या झटक्याच्या जागी धरता येऊ लागला. औषध लवकर सुरू करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. औषध लागू पडतंय का, हेही आता चट्ट्यांवरून पाहतात.

तरीही चट्टे मोजून माणसाची अवस्था कळत नाही. मेंदूभर ठिपके असलेला एखादा रोज कामावर जातो, तर मज्जारज्जूतल्या एका लहान चट्ट्याने दुसऱ्याला काठी धरावी लागते. चट्टा कुठे आहे याला फार महत्त्व असतं. शिवाय पांढरा ठिपका फक्त आवरण गेलं की आतला तंतूच तुटला, हे सांगत नाही. मेंदूच्या करड्या भागातले कित्येक चट्टे नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतही नाहीत. म्हणून संशोधक आता मेंदूचं आकारमान दरवर्षी किती घटतं, हेही मोजतात.

यातून रुग्णाने लक्षात ठेवायचं ते असं : दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘पांढरे ठिपके’ वाचून एमएसच्या धास्तीने रात्र जागवू नये. मॅकडोनाल्ड निकष मुळात ज्याला एमएससारखी लक्षणं आहेत त्याच्यासाठी आखले गेले. न्यूरॉलॉजिस्ट आधी रुग्णाचं ऐकतात, त्याला तपासतात आणि मग स्कॅन त्याच्याशी ताडून पाहतात.

(पुढील लेखांकात : विचार करणाऱ्या मेंदूचं चित्रण, अर्थात फंक्शनल एमआरआय.)