ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे

वजनाचं ऑपरेशन करायला धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून पुण्या-मुंबईला निघालेल्या माणसाला गावात पहिला सल्ला मिळतो तो हा : “आता पोटच लहान होणार, तोवर मनसोक्त खाऊन घे.” सोयरेधायरे जेवायला बोलावतात, कुंथलगिरीचे पेढे घरी येतात. माया खरी असते, पण या सल्ल्यानं ऑपरेशन अवघड होतं.

ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते आणि जठरावर यकृताचा डावा भाग आलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर नीट दिसत नाही. जास्त वजनाच्या माणसाचं यकृत बहुधा चरबीनं फुगलेलं असतं. असं जड यकृत उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. म्हणून साधारण दोन आठवडे, रोज 800 ते 1000 कॅलरींचा, पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार देतात. यकृत आपल्यातली साठवलेली साखर वापरतं, तिच्यासोबतचं पाणी जातं, थोडी चरबीही उतरते आणि यकृत आकसतं. निघण्याआधीच्या चार मेजवान्यांत हा साठा पुन्हा भरतो.

“मग उपासच धरते,” असं काही बायका म्हणतात. आपल्या उपासाला साबुदाणा, बटाटा, वर शेंगदाण्याचं कूट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि निर्जळी धरली तर स्नायू झिजतात, जखम भरायला प्रथिनं उरत नाहीत.

हा आहार बऱ्याचदा पातळ असतो. पण पातळ आहार म्हणजे काहीही पातळ, हाही घोटाळाच. उसाचा रस, गोड चहा, फळांचा रस यांत साखरच साखर. वरणाच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नावापुरती. डाळ तळाशी राहते. रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवी असतात, म्हणून आहारतज्ज्ञ साय काढलेलं दूध आणि प्रोटीन पावडर लिहून देतात.

2017 मध्ये अतिशय जास्त वजन असलेल्या इजिप्तच्या इमान अहमद वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा त्यांनाही शस्त्रक्रियेआधी काही आठवडे पातळ, प्रथिनयुक्त आहारावर ठेवलं होतं.

“वजन उतरलं नाही तर ऑपरेशन रद्द,” या भीतीनं कुणी जेवण सोडू नये. शस्त्रक्रियेआधी वजन उतरवण्याच्या विमा कंपन्यांच्या सक्तीला शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनेनं 2016 मध्येच म्हटलं आहे.

सगळ्यात घातक समज मधुमेहींचा : “खाणं कमी केलं, गोळ्या मात्र नेहमीच्याच.” जेवण निम्म्यावर आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. हे बदल मनानं करायचे नाहीत. डाएटचा कागद हातात पडला, की त्याच दिवशी गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि नवा डोस लिहून घ्या.